फडताळामागचा कागद (आणि तुमच्या घरातल्या भिंती)

कोनाडा (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०.२०

मंडळी, गिरगावातल्या आमच्या घराची दुरुस्ती निघाली आहे. तिसरा मजला, दोन खोल्या आणि सज्जा, पागडीची जागा, इमारतीच्या कमानीवर १९११ कोरलेलं. आजोबा इथे भाडेकरू म्हणून आले, आता चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या एकटी राहते. सज्जाच्या खांडांना वाळवी लागलीय, टेकू द्यायचे होते, म्हणून बाहेरच्या खोलीतलं सागवानी फडताळ हलवावं लागलं. माझ्या जन्मापासून ते कुणी हलवलेलं मी पाहिलेलं नाही. चार माणसं लागली आणि तरी एक पाय भिंतीला घासलाच.

तर मागे भिंतीवर कागद निघाला. छापील, रंगीत. मळकट हिरव्या जमिनीवर वेली आणि करंगळीच्या नखाएवढी लालसर फळं. जेमतेम दोन हात रुंद भाग नीट दिसतोय, बाकी कोळिष्टकं, धूळ आणि वरून आलेले चुन्याचे ओघळ. फडताळ जिथे संपतं तिथे कागदही संपतो. पुढे आकाशी ऑइलपेंट, त्याखाली पिस्ता, त्याखाली गुलाबी आणि मग चुना, चुना, चुना.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ताई, खरवडून पुट्टी मारून देतो, दोन तासांचं काम." त्याला सोमवारपर्यंत थांबवलंय.

ठेवायचा तर काय करू? आणि गिरगावातल्या कारकुनी बिऱ्हाडात वॉलपेपर आला कुठून? तुमच्या जुन्या घरांत असं काही टिकलं असेल तर तेही लिहा.

मुगाचा_लाडू | शनिवार, रात्री १०.३१

फोटो??

कोनाडा | शनिवार, रात्री १०.३४

उजेड नाही तिथे. दुरुस्तीवाल्यांनी त्या खोलीची लाइन काढून ठेवलीय. उद्या काढते.

सडाफटिंग | शनिवार, रात्री ११.०५

मुंबईत वॉलपेपर हा प्रकारच मुळात वेडेपणाचा. जूनमध्ये आमच्या भिंतींना घाम फुटतो, चपला बुरसतात, पापडाचे डबे नरम पडतात, आणि तिथे पिठाच्या खळीने चिकटवलेला कागद? कसरीला ताट वाढून ठेवल्यासारखं. साहेबांनी हौसेने लावले असतील मलबार हिलवर, पण एका पावसाळ्यात फुगे येऊन सुटले असणार. आपल्याकडे दरवर्षी दिवाळीआधी चुन्यात नीळ घालून हात मारला की झालं. तोच आमचा वॉलपेपर. दुसरा वॉलपेपर म्हणजे कॅलेंडरं. आमच्या चाळीत एका भिंतीवर सात असायची, त्यातली पाच मागच्या वर्षांची, कारण देव छान होते आणि मागे भोकं होती.

तरी तुमचा कागद टिकला असेल तर मला खरंच बघायचाय.

चुनखडी | रविवार, सकाळी ७.५०

कोनाडाताई, मी जुन्या इमारतींच्या कामांवर असतो. आधी काय करू नका ते सांगतो.

ओल्या फडक्याने पुसू नका. जुन्या कागदांवरचे रंग बहुधा सरसात कालवलेले असतात, पाणी लागलं की फडक्यावर येतात. सेलोटेप लावू नका. कॉन्ट्रॅक्टरला त्या भिंतीजवळ पॉलिशपेपर घेऊन फिरकू देऊ नका. मऊ रुंद ब्रश घ्या, नवा, आणि वरून खाली नुसती धूळ उतरवा. नाकाला मास्क.

मास्क फक्त धुळीसाठी नाही. हिरवा रंग म्हटला की जरा सावध राहावं. शीले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबं आणि सोमल (आर्सेनिक) यांपासून एक झकास हिरवा बनवला, आणि पुढची शंभर वर्षं इंग्लंडात तो भिंतींवरच्या कागदात सर्रास गेला. दमट घरात त्यावर बुरशी धरली की विषारी वायू सुटतो असं मानलं जायचं, माणसं आजारी पडायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिऱ्हाइकंच बिनसोमलाचा कागद मागू लागली. तुमची इमारत १९११ ची, म्हणजे कागद त्यानंतरचा. धोका कमी आहे, पण खरवडण्याची धूळ छातीत कशाला घ्या?

आता एक काम करा. कागदाचा उभा सांधा शोधा आणि एका सांध्यापासून दुसऱ्यापर्यंत टेप लावून अंतर मोजा. इंग्लिश रोल २१ इंचांचे असत, फ्रेंच साधारण १८ चे. मग रंगावरून अगदी हलकं बोट फिरवा. ठशांनी छापलेला असेल तर रंगाला उठाव लागतो, कापडावरच्या जाडसर खडीकामासारखा, आणि कडेला ठसा जुळवायचे बारीक ठिपके सापडतात. यंत्रावरच्या रुळाने छापलेल्यात रंग पातळ असतो आणि आकृतीच्या कडांना जमा झालेला दिसतो.

खोलीतल्या बाकी रंगांवरही पुट्टी मारायच्या आधी एक हातभर जागा मला द्या. ब्लेडने एकेक थर पायऱ्यांसारखा उघडायचा असतो, म्हणजे घराची रंगांची वंशावळ हातात येते.

मुगाचा_लाडू | रविवार, सकाळी ९.१२

रंगांची वंशावळ! माझ्या सासरच्या घरात खणलं तर फक्त पिस्ता निघेल. आजेसासऱ्यांपासून पिस्ता.

फरशीपुसणे | रविवार, सकाळी ११.४०

भिंतींचं चालू आहे, मी जमिनीवर येतो.

आमचं घर दादरच्या हिंदू कॉलनीत. दिवाणखान्यात रंगीत सिमेंटच्या फरश्या, मध्ये तांबडी-पिवळी चांदणी आणि कडेने काळ्या पट्टीची चौकट, म्हणजे जमिनीवर अंथरलेला गालिचाच. लहानपणी आम्ही त्या चौकटीवर ठिक्कर खेळायचो. आईच्या लेखी ती फरशी म्हणजे 'जुनाट'. २००४ साली घरात लग्न होतं म्हणून सफाईवाला बोलावला. त्याने विचारलं, "चमकवायची?" मी म्हटलं चमकव. मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तो संडास साफ करायचं ऍसिड ओतून घासलेलं. चांदणीचा तांबडा गेला होता, नुसता गेला, जणू कधी नव्हताच. हात फिरवला तर खरखर. आजही तिथे सतरंजी आहे.

नंतर कळलं ते असं. या फरश्या भट्टीत भाजलेल्या नसतात. लोखंडी साच्यात पितळेच्या पट्ट्यांची जाळी ठेवतात. तिच्या एकेका कप्प्यात पळीने सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचं सरबरीत मिश्रण ओततात, जाळी अलगद उचलतात आणि मागून कोरडं वाळू-सिमेंट भरून दाबयंत्राखाली चेपतात. मग पाण्यात मुरवतात. रंग वरच्या काही मिलिमीटरांतच असतो, आणि तो सिमेंटमध्ये असतो. ऍसिड सिमेंट खातं. म्हणजे मी रंग पुसला नाही, फरशीचा वरचा पदरच विरघळवला.

विलायती मिंटनच्या फरश्या वेगळ्या. त्या इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या, मातीत दुसऱ्या रंगाची माती भरून भाजलेल्या. श्रीमंतांच्या वाड्यांत, चर्चमध्ये, सरकारी इमारतींत त्या यायच्या. आपल्या मध्यमवर्गीय घरांतली फरशी बहुतेक इथली. १९२२ मध्ये सिधवा मंडळींनी मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स काढली ती स्वदेशीच्या भरात, विलायती फरशीच्या तोडीची फरशी इथे करून दाखवायची म्हणून. त्यांचा कारखाना उरणला. म्हणजे माझ्या दिवाणखान्यात स्वातंत्र्यचळवळ होती आणि मी तिच्यावर ऍसिड ओतलं.

सडाफटिंग | रविवार, दुपारी १२.०३

शेवटच्या वाक्याबद्दल तुम्हाला सतरंजी माफ.

रविवारची_भजी | रविवार, दुपारी १.३०

मूळ नक्षी परत कशी दिसते हे बघायचं असेल तर राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय निवांत बघा. १८७२ ची इमारत. आम्ही शाळेतून जायचो तेव्हा आत मिणमिण उजेड आणि वटवाघळांचा वास. जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये उघडलं तेव्हा मी दारातच थबकलो. पोपटी-हिरव्या भिंती, बिडाचे खांब, सोन्याचा वर्ख, छतावर स्टेन्सिलची वेलबुट्टी, खाली मिंटनच्या फरश्या. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कारही मिळाला. पहिल्यांदा मला ते भडक वाटलं होतं, खरं सांगतो. आपण जुन्याला मळकट समजतो. व्हिक्टोरियन माणसांना भडकच आवडायचं.

फोर्टातलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉगही तसंच. १८८४ चं, ससून घराण्याने बांधलेलं. वर्षानुवर्षं बाहेरून आकाशी, सगळे त्याला निळं सिनेगॉगच म्हणायचे. २०१९ च्या जीर्णोद्धारात मूळ रंग शोधून आणला आणि आकाशी गेला. मला तो आकाशी आवडायचा. आता बोला.

सीएसएमटीच्या तिकीटघरात मान वर करून छतावरच्या सोनेरी चांदण्या कितीजणांनी बघितल्यात? मीही सहा वर्षं पास काढून झाल्यावर बघितल्या, तेही गाडी रद्द झाली म्हणून.

मोतीचूर | रविवार, दुपारी २.१५

आकाशीबद्दल सहमत. हाच माझा कायमचा वाद आहे. "मूळ रंग" म्हणजे कुठल्या सालचा? पहिल्या दिवसाचा तेवढा खरा आणि मधल्या साठ वर्षांचा खोटा का? त्या निळ्या भिंतीसमोर लोकांची लग्नं झाली असतील.

चुनखडी | रविवार, दुपारी ३.४०

मोतीचूर, प्रत्येक साइटवर हे भांडण होतं. माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे. सार्वजनिक वास्तू असेल तर एक काळ धरून पूर्ण नीट करा. राहतं घर असेल तर ज्या थरामुळे भिंतीला इजा होते तो काढा, बाकीच्याला हात लावू नका.

आणि इजा ऑइलपेंटने होते. चुन्याचा गिलावा श्वास घेतो. ओल आत येते, तशी बाहेरही जाते. वर ऑइलपेंटचा रबरी पदर चढवला की ती आत कोंडते, आणि चार पावसाळ्यांत पोपडे धरतात. लोक पोपड्यावर पुन्हा ऑइलपेंट मारतात.

पाटावरवंटा | रविवार, दुपारी ४.२५

चाळीतल्या खोलीची भिंत आठवा. खाली चार फूट गडद ऑइलपेंट, डाग दिसू नये म्हणून. मग बोटभर रुंदीची एक रेघ, ती मारायला वेगळा, हात न थरथरणारा रंगारी यायचा. वर चुना, आणि छताजवळ कधीमधी स्टेन्सिलची एखादी वेल. परवा इंग्लंडमधल्या एका जीर्णोद्धार केलेल्या घराची चित्रं बघत होते. त्यांच्या भिंतीचेही तेच तीन भाग: खाली खुर्च्यांची पाठ घासते म्हणून डाडो, मध्ये कागदाचा मोठा पट्टा, वर छतालगत फ्रीझ म्हणजे नक्षीची पट्टी. आमच्या परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत ही टापटीप आली कुठून? कुण्या गिरणीमालकाच्या बंगल्यावर काम केलेल्या रंगाऱ्याने आणली असेल. खुर्च्या नव्हत्याच आमच्याकडे. पाठ आमचीच घासायची.

माजघर | रविवार, सायंकाळी ६.१०

आमच्या भुलेश्वरच्या घरी जिन्याच्या भिंतीत चिनीमातीच्या फरश्या बसवल्यात. कृष्ण, लक्ष्मी, मोर. उठावाच्या, चकचकीत. आम्ही इतकी वर्षं त्यांना 'विलायती' म्हणत होतो. एक फरशी सुटली तर मागे 'जपान' छापलेलं! मग कळलं की विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत जपानी कारखाने खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी देवांच्या फरश्या करायचे, आणि चित्रं बरीचशी आपल्याकडच्या छापील तसबिरींवरून उचललेली असायची. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, नंतर मळवलीला गेला. तिथल्या तसबिरी घरोघरी गेल्या आणि त्यांच्यासारखी लक्ष्मी जपानहून फरशीवर बसून परत आली. आजीने आमच्या तसबिरीतल्या लक्ष्मीला खरी जर आणि टिकल्या शिवल्यात. साडीवर शिवतात तशा, कागदात सुई घालून. काच काढून जवळून बघितलं तर मागे टाके दिसतात.

कोनाडा | रविवार, रात्री ९.४५

सगळ्यांचे आभार, दिवसभर तिथेच होते. आता अहवाल.

मास्क लावला, नवा चार इंची ब्रश घेतला, आत्याला आतल्या खोलीत बसवलं (ती दर पाच मिनिटांनी "काय निघालं गं?" विचारत होती). दोन तास नुसती धूळ उतरवली.

सांध्यापासून सांधा: २१ इंच. दोनदा मोजला.

बोटाला उठाव लागत नाही, रंग कडांना साचलेला आहे, म्हणजे यंत्रावरचा. एकूण अडीच पट्ट्या आहेत, त्याहून जास्त कधी नव्हत्याच, कारण कडेच्या पट्टीचा काठ कात्रीने सरळ कापलेला आहे. चुनखडी, वरच्या कोपऱ्यात एका सुटलेल्या तुकड्यामागे बघितलं. खळ वाळून पापुद्रा झालीय आणि ती निळसर हिरवी आहे. हे काय?

आणि पक्षी आहेत! वेलींत लपलेले, चिमणीएवढे, तपकिरी, चोचीत ते लाल फळ.

चुनखडी | रविवार, रात्री ९.५८

मोरचूद (कॉपर सल्फेट)! पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. म्हणून कसरीने सोडलाय तुमचा कागद. ज्याने लावला त्याला खळ शिजवता येत होती. मोरचूदही विषारीच, तेव्हा हात धुवा.

रविवारची_भजी | रविवार, रात्री १०.०७

वेली, फळं, पक्षी... विल्यम मॉरिस, तो इंग्लिश नक्षीकार, तर नव्हे? त्याच्या १८६४ च्या जाळी-गुलाबाच्या कागदावरचे पक्षी त्याने स्वतः काढले नव्हते, फिलिप वेब या वास्तुविशारद मित्राकडून काढून घेतले होते.

चुनखडी | रविवार, रात्री १०.१५

त्याचे कागद लाकडी ठशांचे. हा रुळाचा आहे. त्याच्या धाटणीची स्वस्त नक्कल म्हणू. अशा नकला पुढे पन्नास वर्षं छापल्या जात होत्या.

सडाफटिंग | रविवार, रात्री १०.२२

शनिवारचे माझे शब्द पापडासकट परत घेतो. पण अडीचच पट्ट्या का?

कोनाडा | रविवार, रात्री ११.५०

तेच सांगायला परत आले. झोप येत नाहीये.

मोबाइलच्या टॉर्चमध्ये काढलेले फोटो आत्ता मोठे करून बघत होते. डावीकडच्या पट्टीत वेली वर चढतायत, पक्षी फांदीवर बसलेत. उजवीकडच्या अर्ध्या पट्टीतही तसंच. मधली पट्टी उलटी आहे. अख्खी. वेली खाली लोंबतायत, फळं वर, आणि पक्ष्यांचे पाय छताकडे.

रात्री पावणेअकराला आत्याला फोन केला. जागीच होती.

ती म्हणाली, "अगं, म्हणजे ते खरं होतं होय! मला वाटायचं आई बाबांची थट्टा करायला रचून सांगते."

आजोबा फोर्टात एका फर्निचरच्या दुकानात हिशेब लिहायचे. दुकान बंगले सजवून द्यायचं, आणि कुठल्याशा कामातून उरलेला रोल त्यांनी मागून आणला. आजी तेव्हा बाळंतपणाला माहेरी, पेणला. ती यायच्या आत खोली सजवायची म्हणून रात्री कंदिलाच्या उजेडात एकट्याने लावला. खळ शेजारच्या बाइंडरने शिजवून दिली. आजी बाळाला (म्हणजे आत्यालाच) घेऊन आली, उंबऱ्यात उभी राहिली, आणि म्हणाली, "पाखरं मेलीयत का?"

उलटी पाखरं घरात नकोत म्हणून त्याच महिन्यात हप्त्याने फडताळ घेतलं. बरोबर त्या मापाचं.

मोतीचूर | रविवार, रात्री ११.५८

मी आता "मूळ स्थिती" या विषयावर कायमची गप्प.

पाटावरवंटा | सोमवार, सकाळी ६.३०

पाखरं मेलीयत का!! सकाळी सकाळी चहा सांडला.

चुनखडी | सोमवार, सकाळी ८.०५

पट्टी सरळ करून लावा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

कॉन्ट्रॅक्टरला सांगा: त्या भिंतीला पुट्टी नाही, ऑइलपेंट नाही. कडेच्या भागाला चुना. सुटलेल्या कोपऱ्यांना जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि पातळ खळ लागेल, ते मी येऊन करतो, पैसे नकोत, चहा द्या. समोर काच लावू नका, मागे ओल साचेल. एवढी वर्षं कागद टिकला तो ऊन लागलं नाही आणि कुणाचा हात लागला नाही म्हणून. वारा खेळता राहील एवढी फट सोडून समोर काहीतरी आडोसा हवा.

कोनाडा | सोमवार, दुपारी १.१५

आडोसा ठरला. आत्या म्हणते फडताळ परत तिथेच, फक्त भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि मागची मधली फळी काढायची. म्हणजे दार उघडलं की आत कप आणि त्यामागे पाखरं.

सुतार उद्या येतोय. कॉन्ट्रॅक्टर तोंड वाकडं करून गेला, पण जाताना मोबाइलवर त्याने उलट्या पट्टीचा फोटो काढला आणि मग मोबाइल फिरवून बघितला.

मुगाचा_लाडू | सोमवार, दुपारी १.२०

फोटो???